डाव्या दाराचा बोल्ट

…आणि वर मलाच विचारतात हो, "दत्तूभाऊ, एवढ्याशा बोल्टासाठी एवढा गोंधळ?" एवढासा! तुम्हाला सांगतो, एवढासा म्हणणाऱ्या माणसानं आयुष्यात कधी गंजलेला बोल्ट काढलेला नसतो. मीसुद्धा आधी असाच बोलायचो. म्हटलं, पाना लावायचा, फिरवायचा, निघाला. त्यात काय? त्यात काय ते मला आता विचारा. हा अंगठा बघा. नख नवीन आहे. जुनं त्या बोल्टापाशी राहिलं.

गाडी म्हणाल तर जीप आहे. जुनी. किती जुनी ते विचारू नका, तिचं वय निघालं की माझंही निघतं. घोटीच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडून घेतली, आणि घेतली तेव्हा तो म्हणाला होता, "गाडी झाडून-पुसून दिलीय बरं का!" झाडून-पुसून? अजून जोरात ब्रेक मारला की डॅशबोर्डाच्या फटीतून इंद्रायणीचे चार दाणे पडतात. पण इंजिन? इंजिन एक नंबर. घाटात कधी थांबली नाही. अडचण एकच, डावं दार. म्हणजे बायकोच्या, प्रतिभाच्या बाजूचं. आता या असल्या गाड्यांना दाराच्या बिजागऱ्या बाहेरून असतात, बोल्टांनी पत्र्याला आवळलेल्या, आणि ते बोल्ट गंजले, बिजागरी ढिली झाली, आणि एके दिवशी प्रतिभानं दार उघडलं तर ते उघडलं ते उघडलंच… लोंबायला लागलं! मग मी काय केलं? आतून नायलॉनची दोरी लावून दार सीटला बांधून टाकलं. तात्पुरतं. आपल्याकडं तात्पुरतं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय. पोरगी पाचवीत होती तेव्हा बांधलं. आता ती कॉलेजात आहे.

मग प्रतिभा बसायची कशी? माझ्या बाजूनं! आधी मी उतरायचं, मग तिनं पर्स आत फेकायची, मग साडी सावरत स्टेअरिंगखालून सरकायचं, गिअरचा दांडा ओलांडायचा, आणि दांडा ओलांडताना माझ्याकडे एकदा बघायचं. ते बघणं… ते जाऊ द्या.

मालेगावला एका लग्नाला गेलो होतो. मांडवापुढं गाडी लावली, मी उतरलो, ही सरकत सरकत आली आणि पदर अडकला गिअरच्या दांड्यात. हिनं ओढला. गिअर पडला न्यूट्रल. हँडब्रेकचं विचारू नका. जीप निघाली… सावकाश, हं, अगदी वरात निघावी तशी… बँडवाल्यांच्या दिशेनं! ही अर्धी आत, अर्धी बाहेर, मी पुढं होऊन बंपरला पाठ लावून उभा, आणि बँडवाल्यांना वाटलं पाहुणे आले, त्यांनी वाजवायला सुरुवात केली! एक म्हातारी आजी काठी टेकत आली, प्रतिभाला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "हाई काय शे वं माय?" हे काय गं बाई, म्हणे! प्रतिभा काही बोलली नाही. नाशिक येईपर्यंत बोलली नाही. नंतरही बरेच दिवस भाजीत मीठ आहे का नाही एवढंच बोलली.

तर गेल्या उन्हाळ्यात तिच्या धाकट्या बहिणीच्या, उज्वलाच्या मुलीचा साखरपुडा. रविवारी, घोटीला. आमंत्रण आलं त्या संध्याकाळी प्रतिभा शांतपणे म्हणाली, "अहो, मी तुमच्या दारानं उतरणार नाही. माझं दार उघडलं तर तुमच्याबरोबर येईन. नाहीतर रोहितराव गाडी पाठवतो म्हणालेत." रोहितराव म्हणजे उज्वलाचे यजमान, माझे साडू. पांढरीशुभ्र नवी गाडी, दाराला हात लावायच्या आधीच दार उघडतं. आणि लगेच त्यांचा फोन, "दाजी, संकोच करू नका हं, पाठवतो ना गाडी ताईंना!" म्हणजे बघा, बायको साखरपुड्याला साडूच्या गाडीतून पुढं, आणि मी मागून रिकामी जीप घेऊन, इंद्रायणीचे दाणे सांडत? म्हटलं नाही! शनिवारी सकाळी दार झालंच पाहिजे. इज्जतीचा प्रश्न आहे. दाराचा नाही.

आता आमची सोसायटी अंबडला, नाशिकच्या एमआयडीसीपाशी. आणि अंबडला म्हणजे अख्खी सोसायटी कंपनीतली. कुणी फिटर, कुणी वेल्डर, कुणी क्वालिटीत, कुणी रिटायर होऊनसुद्धा अजून भोंग्याच्या वेळेला जेवतो. मी एकटा शाळेत क्लार्क. मी पार्किंगमध्ये बोल्टाला पाना लावला आणि वरून हातोडीचा एक ठोका मारला… एकच… तर तीन गॅलऱ्यांची दारं उघडली! घरात सिलेंडर आणायला सांगा, कुणी खाली येत नाही. पण पान्याचा आवाज? पान्याचा आवाज ऐकून माणूस अंघोळीतून येतो.

पहिले आले सावळीरामकाका. रिटायर फिटर. त्यांचं म्हणणं, सगळ्या दुखण्याला औषध एकच, हातोडा. "सरक रं दत्तू. तुला नाय जमायचं. गंज म्हंजी काय, आडमुठं माणूस! त्याला आधी हादरा द्यायचा, मंग सोडवायचं." आणि दिला हादरा! खोटं कशाला बोलू, वरच्या बिजागरीचा एक सोडून बाकी सगळे बोल्ट काकांनी काढले. दोन तुटले, पण निघाले. राहिला एक. वरच्या बिजागरीचा, मधला. काकांनी त्याला हादरा दिला, दुसरा दिला, तिसरा माझ्या अंगठ्याला दिला… मघाशी दाखवला तो अंगठा… आरसा गळून पडला, डॅशबोर्डावरची देवाची तसबीर पडली, तांदूळ पडले. आणि बोल्ट? बोल्ट जागच्या जागी.

तेवढ्यात आला अमित. मेंटेनन्सला आहे. आल्या आल्या काकांच्या हातातला हातोडा काढून घेतला. "काका, जमाना बदलला. आता मारत नाही, मुरवतो." खिशातून स्प्रे काढला, फूस फूस फूस… "दुपारपर्यंत मुरू द्या, दत्तूभाऊ. लोण्यातून केस निघतो तसा निघेल." मी म्हटलं ठीक आहे. मुरू दिला. लोणच्यासारखा मुरू दिला. दुपारी अमितनं पाना लावला, वर पाइप घातला, पाइपाला लोंबकळला. कट्ट! मी म्हटलं, निघाला! निघाला कसला, पाना घसरला, बोल्टाचं डोकं गोल झालं. षटकोनी होतं ते गोटीसारखं गोल! आता पाना धरणार कुठं? काका म्हणाले, "लोण्यातून केस व्हय रं?" अमित घरी गेला, गॅसची टाकी घेऊन आला. म्हणाला, तापवू. तापवलं! बोल्ट लाल झाला, रंग काळा झाला, आतल्या सीटचा फोम धुमसायला लागला, वरच्या मजल्यावरून वहिनींनी ओरडून विचारलं, "कुणाचं दूध उतू गेलं का?" मी बादलीभर पाणी ओतलं. सगळं विझलं, माझ्या चपला भिजल्या, काकांचं धोतर भिजलं. आणि बोल्ट? बोल्ट जागच्या जागी.

तुम्हाला सांगतो, चार वाजले तेव्हा मी आतल्या आत हरलो होतो. वर गॅलरीत प्रतिभा साडीला इस्त्री करत होती. काही विचारत नव्हती. विचारलं असतं तर बरं झालं असतं! नुसती इस्त्री फिरवत होती, आणि मधूनच शेजारी ठेवलेल्या मोबाइलकडे बघत होती. मला न कळायला काय झालं? रोहितरावांना 'पाठवा गाडी' म्हणायला एक फोनच लागतो!

आणि मग आला शेजारचा संघर्ष. क्वालिटीला आहे. आता क्वालिटीच्या माणसाचं कसं असतं, तो कशाला हात लावत नाही. हात मागं बांधून दोन प्रदक्षिणा घातल्या, आणि म्हणाला, "थांबा. काढायचं नंतर. आधी व्हाय-व्हाय झालं पाहिजे." हे यांचं कंपनीतलं एक प्रकरण आहे. काही बिघडलं की 'का?' विचारायचं, उत्तर आलं की त्यालाही 'का?' विचारायचं, मुळापर्यंत जायचं. आमची मुलगी तीन वर्षांची असताना हेच करायची, तिला कुणी पगार दिला नाही.

"बोल्ट का निघत नाही?" संघर्ष म्हणाला.

"गंजलाय म्हणून!" आम्ही तिघं.

"का गंजला?"

"पाणी लागलं म्हणून!"

"पाणी तर सगळ्यांना लागलं. एकच गाडी, एकच पाऊस, बाकीचे बोल्ट निघाले. मग हाच का?"

आम्ही तिघं बोल्टाकडे वाकलो. खरंच की! हाच का? संघर्षनं मोबाइलची बॅटरी लावली. पत्र्यावर एक ओघळ. पिवळट, चिकट, रंग खाल्लेला. त्यानं ओघळावर बोट ठेवलं आणि बोट वर वर न्यायला लागला… आम्हा तिघांच्या माना बोटाबरोबर वर… आणि बोट थांबलं. तिथं लिंबू होतं.

लिंबू-मिरची हो! तारेत ओवलेलं, खाली बिब्बा. दर शनिवारी प्रतिभा ताजं बांधते. पूर्वी पुढं बंपरला बांधायची, पण अंबड गावातल्या शेळ्या मिरच्या खाऊन जायच्या, म्हणून मग उंचावर, स्वतःच्या दाराच्या बिजागरीला बांधायला लागली. दर शनिवारी एक लिंबू! ते सुकणार, चिरणार, पावसात भिजणार, त्याचा रस थेंबथेंब खाली… त्याच बोल्टावर. अहो, आम्ही सकाळपासून काम करत होतो ना, काका हातोडा उगारताना ते लिंबू हातानं हळूच बाजूला सारत होते, अमित गॅस लावताना सारत होता, मी पाणी ओतताना सारलं. भक्तिभावानं! तीन माणसं, त्यातले दोन कंपनीतले, एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आणि नेमकी त्याच वेळी प्रतिभा चहाचा ट्रे घेऊन खाली आली. "कळलं का हो कारण?"

 काका कप उचलून त्यात बघायला लागले. अमित स्प्रेवरचं बारीक अक्षर वाचायला लागला. संघर्षनं तोंड उघडलं, क्वालिटीचा माणूस, त्याला खोटं बोलवत नाही… काकांनी त्याच्या पायावर पाय दिला. आणि सगळे माझ्याकडे. मी बायकोकडे बघितलं. इतकी वर्षं तो दांडा ओलांडणारी बाई. ते लिंबू तिनं कुणासाठी बांधलं? या खटाऱ्याला आणि यात बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला काही होऊ नये म्हणून! हिला मी काय सांगू?

मी म्हटलं, "पाऊस. नाशिकचा पाऊस, दुसरं काय!"

"वाटलंच मला," ती म्हणाली. "तरी बरं मी न चुकता लिंबू बांधते. नाहीतर अख्खी गाडी गेली असती."

"व्हय पोरी," सावळीरामकाका म्हणाले, "लय वाचली गाडी."

मग कारण कळलं म्हणून बोल्ट निघाला का? छे! कारण कळून कधी काही निघालंय? शेवटी अमितनं वेल्डिंग मशीन आणलं, त्या गोल डोक्यावर एक नवा नट वेल्ड केला, तापलेल्या नटाला पाना लावला, आम्ही तिघं मागं सरकून उभे… कर्रर्र… आणि बोल्ट निघाला. एवढासा! तळहातावर घेतला तर बोराएवढा नाही. काकांनी त्याला नमस्कार केला. संघर्षनं नवे स्टेनलेसचे बोल्ट आणले, "दत्तूभाऊ, हे तुमच्या नातवंडांच्या लग्नातसुद्धा असेच चकचकीत राहतील." आटे साफ करून, ग्रीस लावून, वायसर घालून दार बसवलं. उघडलं. मिटलं. टक्! असा आवाज माझ्या गाडीतून येऊ शकतो हे मला माहीतच नव्हतं.

रविवारी सकाळी प्रतिभा ठेवणीतली पैठणी नेसून खाली आली… आणि सवयीनं माझ्या दारापाशी येऊन उभी राहिली! पर्ससुद्धा आत फेकली. मग तिच्या लक्षात आलं. गाडीला वळसा घालून गेली, स्वतःच्या दारानं बसली, आणि घोटीपर्यंत काच खाली करून कोपर बाहेर ठेवून बसली. राणीसारखी. मला फार बरं वाटलं हो. घोटीला पोचलो तर मांडवाबाहेर चिटपाखरू नाही, सगळे पंगतीला बसलेले! हिनं दार उघडलं, उतरली, इकडंतिकडं बघितलं, परत बसली, दार लावलं. म्हणाली, "उज्वला बाहेर येईस्तोवर थांबू." थांबलो. उज्वला आली, रोहितराव आले, तेव्हा हिनं दार उघडलं. टक्! रोहितराव म्हणाले, "वा दाजी!" बस, माझं जेवण तिथंच झालं.

आता तुम्ही म्हणाल, संपलं की मग. कसलं संपतंय! पुढच्या शनिवारी बघतो तर प्रतिभा खाली, हातात ताजं लिंबू, सात मिरच्या, आणि निघालीय त्याच चकचकीत बिजागरीकडे. "एवढं छान दार झालंय, सगळ्या घोटीनं बघितलं. दृष्ट नाही का लागणार?" माझ्या शेजारी सावळीरामकाका. त्यांनी मान हलवली आणि हळूच म्हणाले, "बोल्ट ऱ्हाईल रं दत्तू. पत्रा जाईल."

आता काय करणार? तिला सांगू? इतक्या वर्षांचं सांगू? मी पटकन पुढं झालो, म्हटलं, "अगं, तुझ्या दाराला काय दृष्ट लागतेय, तू मायेची बाई. माझ्या बाजूला बांध. मला नाही का लागत दृष्ट?" अशी लाजली म्हणता! आणि बांधलं माझ्या दाराला. घट्ट. तेव्हापासून दर शनिवारी, न चुकता.

दिवाळीपासून माझं दार करकरायला लागलं. संक्रांतीला लोंबलं. मी आतून दोरी लावलीय. तात्पुरती. आता प्रतिभा तिचं दार धरून उभी राहते, मी वाकून आत शिरतो, सरकतो, गिअरचा दांडा ओलांडतो, आणि ती वरून म्हणते, "अहो, सांभाळून, पँट अडकेल!" रोहितराव फोन करतात, "दाजी, गाडी पाठवू का?" काल परत काका, अमित, संघर्ष, सगळे जमले होते. सगळे बोल्ट निघाले, एक राहिला. वरच्या बिजागरीचा, मधला.

आणि बोल्ट? काय विचारता… बोल्ट जागच्या जागी.