लय कोण पळवतं?

ताई : पळवतो तोच. चेलोवाला. आज तालमीत सगळ्यांदेखत सुनावलं त्याला.

धाकटा : मोजलंस, की ठोकून दिलंस?

ताई : तुझी प्रयोगशाळा नाही ती, शहाण्या. कान आहेत मला. चार वर्षं संगीताची पदवी करत होते, गोट्या खेळत नव्हते.

धाकटा : बरं बाई. पण तुमच्यासमोर हातवारे करणारं कुणी नसतं ना? मग नऊ जण एकदम सुरू कसे होतात?

ताई : मी श्वास घेते, व्हायोलिन किंचित उचलते. त्यावर सगळे. सहा महिन्यांच्या परीक्षेपुरती म्होरकी मीच आहे.

धाकटा : आणि जमलं तर नोकरी?

ताई : वाद्यवृंदात पक्की जागा. तिथल्या निवड करणाऱ्या बाई उद्या तालमीला बसणार आहेत. म्हणाल्या, छान वाजवणारे पायलीचे पन्नास मिळतात. आम्हाला माणसं सांभाळणारं कुणी हवंय.

धाकटा : म्हणून त्याचा सोलो काढून घेतलास?

ताई : घ्यावाच लागला. तोंड एवढंसं झालं त्याचं.

धाकटा : तुझी आजची रेकॉर्डिंगं ऐकली मी. प्रत्येक खुर्चीखाली ठेवलेल्या माइकची वेगळी. सगळ्यांत आधी कोण पळतं, माहितीये?

ताई : कोण?

धाकटा : तू. त्याचा सोलो यायच्या दोन मात्रा आधी. दर वेळी. तो बिचारा तुला गाठायला धावतो.

ताई : काहीतरीच! आण इकडे.

(ती हेडफोन लावून ऐकते.)

ताई : परत लाव.

धाकटा : चौथ्यांदा लावतोय.

ताई : तो पळेल या धास्तीनं मीच…

धाकटा : भन्नाट आहे गं! तुझी भीती चक्क मोजता येते.

ताई : मजा वाटतेय तुला?

धाकटा : वाटतेय. चुकलं माझं. आता काय करणार?

ताई : सोलो त्याला परत.

धाकटा : गुपचूप दे. कारण कशाला सांगायला हवं?

ताई : खापर फोडलं चारचौघांत, आणि माफी कानात?

धाकटा : अगं, जागा हातची जाईल.

ताई : जाईलही.

धाकटा : मग निदान असं कर. बाई दहाला येतात ना? तू साडेनऊलाच बोलून मोकळी हो.

ताई : नको. बाईंसकट सगळे बसू देत.