लेखकमहाशयांचं डाळिंब

...आणि वर ती संग्रहालयातली पोरगी मला म्हणते, "आजोबा, उंबऱ्यावर बसू नका, तो लेखकमहाशयांचा आहे!" आता तुम्हीच सांगा, त्या उंबऱ्यावर बसून मी निम्मा जन्म शेंगा सोलल्या, पाय धुतले, बायकोची बोलणी खाल्ली, आणि आता उठा म्हणे! उठलो. मोठ्या माणसाचं घर ते, आपण काय बोलणार?

तुम्हाला सांगतो, आम्ही राहत होतो तेव्हा तिथे लेखक-बिखक कोणी नव्हता. म्हणजे होता, पण माझ्या जन्माआधीच वारलेला. तो शाळेच्या पुस्तकात, आणि त्याच्या घरात आम्ही बिऱ्हाडकरू, एका चौकात सगळ्यांच्या कोळशाच्या शेगड्या, धूर असा की आपली कढई कुठली आणि शेजाऱ्याची कुठली ते वासावरून ओळखायचं! कालव्याच्या अंगाला मी आणि माझी बायको युएचन, आणि पलीकडे कोऊ आणि त्याची बायको वानलिंग. मधे भिंत कसली, नुसती फळी! इकडे मी शिंकलो की तिकडून वानलिंगवहिनी ओरडायच्या, "भावजी, आल्याचं पाणी घ्या!" आणि त्यांच्या मागून कोऊ, "हळू शिंक रे, माझा दारूचा पेला सांडला!"

पण संडास गल्लीच्या टोकाला, हो! हिवाळ्यात तिथल्या रांगेत माणूस जिवंतपणी गोठायचा. त्यामुळे सरकारी माणसं येऊन म्हणाली, "इथे संग्रहालय होणार, तुम्हाला नवे फ्लॅट देतो," तेव्हा आम्ही अक्षरशः नाचलो. घरात संडास! ज्याला जिथे मिळाला तो तिथे गेला. आम्ही शहराच्या उत्तरेला अठराव्या मजल्यावर, कोऊ पार नदीपलीकडे. निघताना दोघी बायका गळ्यात गळा घालून रडल्या, "येईन हं!" "नक्की ये हं!" आणि मग कोण जातंय? बस बदला, गुडघे सांभाळा, नातवाची शाळा... आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता वर्षं निघून गेली.

युएचनला तिकडे करमेचना. म्हणायची, "अहो, इथे शिंकलं तरी कोणी ओ देत नाही." शेवटी यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला म्हणाली, "चौकातलं डाळिंब फुललं असेल. एकदा बघून येऊ." गेलो.

आत काय सांगू! आमच्या खोलीत लेखकमहाशयांचं मेज, दौत, पलंग, आणि पुढे जाड दोरी. जिथे युएचन कोबी खारवायची तिथे काचेच्या पेटीत त्यांचा चष्मा! मी म्हटलं, असू दे, मोठ्या माणसाचं घर ते, आपण काय बोलणार? पण चौकात ती माहिती सांगणारी पोरगी डाळिंबाखाली उभी राहून लोकांना सांगते, "याच झाडाखाली, एकाकी संध्याकाळी, लेखकमहाशय आईच्या आठवणीने लिहीत बसत..." लोकांचे डोळे ओले! मी वळून बघतो तर आमची युएचनही रुमालाने डोळे पुसतेय!

मी म्हटलं, "अगं, तू का रडतेस? हे झाड आपलं!"

"माहीत आहे हो," म्हणाली. "पण पोरगी किती मायेनं सांगतेय. आपलं असं कोणी सांगेल का?"

झालं! मला राहवेना. मी पुढे झालो, "मुली, हे झाड आम्ही लावलंय."

पोरगी गोड हसली. "हो का आजोबा? एक आजोबा दर मंगळवारी येतात, तेही हेच म्हणतात. पांढऱ्या भुवयांचे."

"कोऊ!" युएचन ताडकन म्हणाली. "म्हातारा थापाड्या! आणि वानलिंग? ती असते ना बरोबर?"

"नाही हो, ते एकटेच येतात."

मंगळवारी ही बाई माझ्याआधी तयार! पिशवीत वाफवलेल्या पोळ्या, वाळवलेल्या भाजीत शिजवलेलं डुकराचं मांस, वानलिंगवहिनींना आवडतं म्हणून. आणि गेलो तर कोऊ खरंच डाळिंबाखाली उभा. अर्धा झालेला. युएचन लांबूनच, "काय हो थापाडे, झाड तुमचं काय? आणि आमची मैत्रीण कुठे लपवलीत?"

तो आमच्याकडे वळला. मग म्हणाला, "गेली. गेल्या थंडीत. खोकला झाला, कमी होईल, कमी होईल करत..."

"आणि कळवलं नाहीत?" युएचन एवढ्या मोठ्यानं ओरडली की पहारेकरी धावत आला. "शांतता राखा! लेखकांचं घर आहे!"

"कळवू कुणाला?" कोऊ म्हणाला. "नंबर नाही, पत्ता नाही. तिथे शेजारच्या दारालासुद्धा महिनाभर कळलं नाही, तर तुम्हाला काय कळणार? इथे असतो तर खोकली की फळीपलीकडून वहिनी, तुम्हीच ओरडला असता, 'ए, आल्याचं पाणी घे!'"

पहारेकरीसुद्धा बाजूला झाला. मग कोऊ झाडाकडे बघत हळूच म्हणाला, "वानलिंग नेहमी म्हणायची, झाड मी लावलं. म्हणून येतो."

आता तुम्हाला सांगतो, या झाडावरून या दोघींचं अख्खं आयुष्य भांडण! मी म्हटलं, आता युएचन उसळणार. तर तिनं पिशवीतला डबा काढून त्याच्या हातात ठेवला, आणि म्हणाली, "हो, तिनंच लावलं. मी नुसतं पाणी घालायची."

ऐकलंत? तो खड्डा मी खणला होता हो! भर उन्हात, दगडगोटे उपसून, हाताला फोड आले होते... तोंड उघडणार तेवढ्यात युएचननं माझ्याकडे असं बघितलं...

मिटलं तोंड. दिवंगत बाईचं झाड ते, आपण काय बोलणार?