साहेबाच्या हातात काठी दिली ते दिवस

माहं माहेर मुकुटबनच्या बाजूचं. बाप रोजानं जाय, माय बी रोजानं जाय, आमी पाच बहिनी, त्यातली मी तिसरी. सातवीपर्यंत शिकली, मंग धनराजसोबत लग्न झालं आन् राजूरले आली. धनराज कोळशाच्या खदानीत होता, जमिनीखालच्या कामावर. कोनती खदान ते नका लिहू, आता बंद बी पडली ते.

काय सांगू तुमाले, धनराज लय भेकड मानूस. भिंत जराशी कलली दिसली त तिच्या बुडाशी बसे नाही. उतार आला का सायकलवरून उतरे आन् हातात धरून ने. लोक हासे त्याले. आन् अशा मानसाच्या अंगावर खदानीचं छत आलं. खाली कोळसा काढत गेलं का वरच्या दगडाले टेके द्या लागते, टेक्याच्या पुढे जायचं नाही असा कायदा हाय. चौकशीच्या कागदात लिहून आलं का हा कामगार मनाई असताना, सोताच्या मर्जीनं, टेक्याच्या पुढे गेला. म्हनजे मेला त्याचीच चूक. ऑफिसातल्या बाबूनं कागद वाचून दाखवला तवा माही पोरगी प्रज्ञा कडेवर होती. मी म्हनलं, बाबूजी, हा मानूस तसा नोहता. तर बाबू म्हने, बाई, ओव्हरमन साहेबानं सोता जबाब देल्ला हाय. ओव्हरमन म्हनजे खाली ज्याच्या हुकमानं पाळीचं काम चालते तो. त्याईचं बी नाव नाही सांगत, लेकरं हायेत त्याईचे.

मले नवऱ्याच्या जागेवर घेतलं, पन बाईले खाली पाठवत नाही, म्हनून साहेबलोकाच्या क्लबात झाडझूड देल्ली. तिथं एका खोलीत हिरव्या कापडाचं मोठं टेबल, सहा कोपऱ्याले सहा भोकं म्हना, पॉकेट म्हनते त्याईले. कोपरे चारच असते, दोन मधात. पाहा, आता बी चुकते मी सांगताना. लांब काठीनं पांढरा गोटा मारून रंगीत गोटे त्या भोकात पाडायचे, स्नूकर म्हनते त्या खेळाले. ते टेबल गफूरचाचा सांभाळे. म्हतारा मानूस, मोतीबिंदू झालता. मले म्हने, बेटी, ब्रश एकाच बाजूनं मार, कापडाचे केस मोडू नको. एक दिवस म्हने, काठी धरून पाहा. मी म्हनलं, चाचा, कोनी पायलं त. ते म्हने, दुपारी एक ते चार इथं चिमनी बी येत नाही.

पहिले आठ दिवस चाचानं मले गोटाच देल्ला नाही. नुसतं चालत यायचं, उभं राह्यचं, वाकायचं, उठायचं. मंग काचेची रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवली, म्हने काठी तिच्या तोंडातून आत-बाहेर कर, काच वाजली नाही पाह्यजे. पहिल्या दिवशी मोजलं नाही किती वाजली. चाचा म्हने, मूठ ढिली कर, पोळी लाटताना लाटनं आवळून धरतं का तू? तवा समजलं. आता माह्याकडं शिकायले येनारे पोरंपोरी पयलेच जोरात मारते, गोटे फुटले पाह्यजे, आवाज आला पाह्यजे. मी त्याईले म्हनते, जोर कायले लावता, जोर सगळ्यात शेवटी शिकायचा असते. एकटा पांढरा गोटा घ्या, सरळ समोरच्या काठाले मारा, तो वापस तुमच्या काठीच्या टोकावर आला पाह्यजे. डाव्या-उजव्या बाजूले सरकला म्हनजे तुमचा हात वाकडा, टेबल नाही. रोज अर्धाच तास करा, पन रोज करा. इतवारी चार तास खेळून काही होत नाही. आन् मारल्यावर डोकं उचलायचं नाही. गोटा थांबेपर्यंत तसंच वाकून राह्यचं. सगळे नवे इथंच चुकते, मारलं का उठून पाह्यते काय झालं ते.

असं करत मी शिकली. चाचा गेले, मंग टेबल माह्याकडंच आलं. नवे इंजिनियर आले का मीच शिकवे त्याईले. एक होता, मी काठी देल्ली का रुमालानं पुसून घे. दुसऱ्यानं देल्लेली तो पुसे नाही, हे मात्र पायलं मी.

आता ऐका. प्रज्ञा कालेजात गेलती त्या साली ओव्हरमन साहेबाले लकवा मारला, उजवी बाजू. पाय बरा झाला, हात नाही झाला. डॉक्टर म्हने, डोळा आन् हात संग चालन असं काही करा. त्याईची बायको त्याईले दुपारी क्लबात घेऊन आली आन् मले म्हने, शांताबाई, याईले हा खेळ सुरुवातीपासून शिकवा. त्या बाईले काही मालूम नोहतं. साहेब खाली पाहून राह्यले होते. मी नाही म्हनू शकत होती का, माही नोकरीच ते.

मनात आलं, वाकडं शिकवू. उलटं उभं करू, मूठ आवळून धरायले लावू, आयुष्यभर एक गोटा जानार नाही पॉकेटात. पन हातानं नाही केलं तसं. का नाही केलं ते नाही सांगता येत. बाटली काढली आन् आडवी ठेवली. त्याईची बोटं काठीवर मी बसवली एकेक, थंडगार बोटं. हे तेच हात, ज्याईनं तो जबाब लिहला, असं मनात येऊन राह्यलं होतं, आन् मी म्हनून राह्यली, साहेब, ढिली धरा. बाटली दोनदा खाली पडून फुटली. मी काच झाडली, तिसरी आनली.

दोन महिने गेले. पांढरा गोटा सरळ जाऊन सरळ वापस येऊ लागला. मंग एक लाल गोटा पॉकेटाच्या तोंडाशी ठेवून देल्ला, म्हनलं मारा. मारला त्याईनं, गेला आत. आन् साहेब उठलेच नाही. मले वाटलं, मीच शिकवलं डोकं नका उचलू म्हनून राह्यले असन. तसेच वाकलेले, कापडाकडे पाहून म्हने, शांताबाई, छत पडलं त्या दिवशी धनराज माह्याकडं वापस आलता. छत ठोकून पायलं, पोकळ बोलून राह्यलं, पडन, टेके द्या आधी, म्हने मले. मीच म्हनलं त्याले, आधी कोळसा काढ, टेके मंग येतेत. त्यानं दोनदा म्हनलं. तिसऱ्यांदा नाही म्हनलं, गेला.

मी काय केलं असन? लाल गोटा पॉकेटातून काढला, होता तिथं ठेवला, म्हनलं, अजून एकदा मारा. दुसरं काही सुचलंच नाही. साहेबानं मारला, चुकला. घरी येऊन मी भांडे घासत बसली, घासलेलेच घासले.

दुसऱ्या दिवशी वही-पेन घेऊन गेली. म्हनलं, साहेब, काल बोलले ते लिहून द्या. ते म्हने, या हातानं आता लिहता नाही येत. मी म्हनलं, सरळ गोटा मारता येते त्या हातानं चार ओळी लिहता येतेत. म्हने, उद्या. मंग रोज उद्या. मी काठी देनं बंद केलं. ते यायचे, खुर्चीवर बसायचे, मी टेबल पुसत राह्यची. त्याईची बायको मॅनेजर साहेबाकडे गेली, मॅनेजरनं मले बोलावलं, बाई, काम करायचं का नाही? मी म्हनलं, अंगन झाडते, संडास धुते, पन याईले नाही शिकवत. काहून ते नाही सांगितलं, साहेबाची बायको तिथंच उभी होती.

बाराव्या का तेराव्या दिवशी साहेबानंच वही मांगितली. पाच ओळी लिहायले तास लागला. अक्षर म्हनजे लहान लेकराचं. खाली सही केली, वही माह्याकडं सरकवली आन् घाम पुसला. मी काठी त्याईच्या हाती देल्ली. त्या दिवशी ते खेळले नाही, पन धरून बसले.

कागद घेऊन मी ऑफिसात गेली. ते म्हने, ती फाइल बंद झाली, तो भागच बंद झाला खदानीचा, आता कोनाले पाठवू? झेरॉक्स ठेवून घेतली, पोच देल्ली नाही. महिन्याभरात साहेबाले दुसरा झटका आला, त्यात गेले. मी मातीले गेलती. लोकाईले वाटलं, शिकवत होती म्हनून आली.

माही सासू तवा जिवंत होती, खाटेवर. इतके साल म्हने, पोराचीच चूक, सरकारी कागद खोटा कसा राह्यल. मी कागद वाचून दाखवला. ते म्हने, अजून वाच. अजून वाचला. मंग भिंतीकडे तोंड करून म्हने, तो लहानपनापासून असाच, कोनी जा म्हनलं का जाय.

खदान बंद झाली, क्लब बंद झाला. ते टेबल वणीच्या एका मानसानं नेलं, त्यानं दुकान टाकलं खेळाचं, आन् मले बी बोलावलं शिकवायले. सकाळी दहा ते दोन जाते. गुडघे दुखते, आता वाकवत नाही जास्त, बसून सांगते. पोरी बी येतेत हल्ली, चांगल्या शिकतेत, मारून झालं तरी वाकून राह्यते. साहेबाचा राग हाय का मनात, असं प्रज्ञा इचारते. मले नाही समजत. त्याईले मी चांगलं शिकवलं, एवढं समजते. धनराज गेला तो गेला, चुकीचा नोहता, हे आता घरातले-नात्यातले चार जन जानते, पाचवे तुमी. बस झालं. तुमचं भलं होवो, लेकरं सुखात राहो तुमचे. चला, दहा वाजत आले.