हयात का?

पुंडलिकनगरच्या बँकेत पेन्शनरांची हयातीच्या दाखल्याची रांग होती. मी पासबुक भरायला गेलो होतो. माझ्यापुढे उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या जाहेदा आपा होत्या आणि त्यांच्यापुढे दौलताबादहून आलेले कारभारी भाऊ.

"कारभारी भाऊ, आता हे घरबसल्या मोबाइलवर होतं ना?"

"पोरगं पुण्याहून तेच सांगतं. मोबाइल म्हणतो, डोळे मिचकावा. ह्या वयात कुणाला मिचकावू, आपा?"

"तौबा! म्हणून एवढ्या लांब आलात?"

"इथला जुना साहेब इचारायचा, काय कारभारी, हयात का? वर्षातून एकदा. तेवढ्यासाठी येतो."

"हयात म्हणजे काय, माहीत आहे?"

"जित्ता."

"अरबीत हयात यानी जिंदगी, पुरी जिंदगी. फारसीत, उर्दूत, तुर्कीतही तेच. तुमच्या मराठीत माणूस हयात आहे की नाही, एवढंच विचारतात."

"मंग आपला अर्ज मराठीतच बरा. पुरी जिंदगी इचारली तर काय लिहू? घरात मी अन् टीव्ही."

खिडकीत नवा साहेब होता.

"काका, अंगठा ठेवा. झालं. पुढचे या."

"साहेब, इचारलं नाय तुम्ही."

"काय?"

"काय नाय."

"कारभारी भाऊ! हयात ना?"

"व्हय आपा. हयात हाय."

"मग निघा. बस चुकेल."

"चुकू द्या. आधी तुमचा अंगठा होऊ द्या. तुम्हाला कोण इचारणार?"