बकलाखालचा काळा दोरा

शुभा : दार लावा आधी, द्रौपदीमावशी. बाकीच्या जेवायला खाली गेल्यात, तोवर बोलून घेऊ. ह्या पट्ट्यातला हा काळा दोरा तुमचाच ना?

द्रौपदी : माझाच. तुला दिसला कसा? मी तर बकलाखाली दुमडून आत घातलेला.

शुभा : म्हणजे लपवून.

द्रौपदी : लपवायचंय काय त्यात? गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घालून आणलाय. तूच ना म्हणालीस, लढाईतल्या जखमी पोरांना स्ट्रेचरवर ह्याच पट्ट्यांनी बांधतात? मग त्यांच्या पाठीशी देव नको? माझा मुलगा सर्वेश तिथंच लढाईवर आहे गो. पण एकट्या त्याच्या नावाने कसा घालू? मी शिवले त्या सगळ्यांत घातला.

शुभा : हाताने घातला की मशीनवर?

द्रौपदी : मशीनवर. आडवी टीप मारली. चांगली दोनदा फिरवून, घट्ट.

शुभा : हे टोक धरा. ओढा. असं नाही मावशी, जोर लावा.

(पट्टा टर्रकन फाटल्याचा आवाज.)

द्रौपदी : अगो बाय माझे!

शुभा : बघितलंत? बरोब्बर तुमच्या टिपेवर. एवढी जाड सुई, आडवी भोकं पडली ना एका ओळीत. पोस्टाचं तिकीट फाटतं तसा फाटला.

द्रौपदी : माका काय म्हायत गो... जन्मभर ब्लाउज शिवले मी. एक टीप जास्त मारली की शिवण पक्की होते, एवढंच ठाऊक.

शुभा : जाऊ दे. आजचे बाजूला काढू. कुणाला काही बोलायचं नाही.

द्रौपदी : आणि सोमवारी गाडी भरली ते?

शुभा : ते पास झालेत.

द्रौपदी : कसे पास झाले?

शुभा : तपासायला श्वेताने शिवलेला पट्टा उचलला त्यांनी. तुमचा नाही. झालं ते झालं.

द्रौपदी : माल घेतात त्या साहेबांना फोन कर, शुभा.

शुभा : वेड लागलंय का? काम काढून घेतील. ह्या सगळ्या बायका घरी बसतील. रेवतीचा नवरा अंथरुणाला खिळलाय, तिला काय सांगू? आणि तुम्हाला सोडतील? युद्धाचे दिवस आहेत, मुद्दाम केलं म्हणतील.

द्रौपदी : म्हणू देत.

शुभा : सगळेच तुटतील असं थोडंच आहे, मावशी!

द्रौपदी : डोंगरावरून खाली उतरवतात ना त्या पोरांना?

शुभा : हो.

द्रौपदी : मग लाव फोन. तू लावत नसशील तर मी लावते.

शुभा : थांबा, लावते... हॅलो सर, दहिसरच्या गाळ्यातून शुभा. सर, सोमवारच्या पट्ट्यांत खोट आहे... शिवणीत. तुटतायत... सगळे नाही सर, काही... कुणी म्हणजे, ते आमच्या इथे...

द्रौपदी : आण इकडे. साहेब, मी द्रौपदी. मी शिवलेत ते. कुणालाच बांधू नका त्यांनी... होय, एकटीने. शुभाला आत्ताच कळलं... मुद्दाम? नाय हो साहेब. मी कुणाचं वाईट कशाला करू? माझो झील थंयच आसा.

शुभा : काय म्हणाले?

द्रौपदी : माल कालच पोचला. वाटून पण झाला. वर डोंगरावर निरोप धाडतो म्हणाले, पोचला तर.

शुभा : पोचला तर?

द्रौपदी : तसंच म्हणाले. आणि चौकशीला माणसं येतायत, कुणी गाळा सोडायचा नाही.

शुभा : बसा तुम्ही. पाणी आणते.

द्रौपदी : पाणी नको. कात्री दे.

शुभा : आता उसवून काय होणार, मावशी? भोकं राहणारच.

द्रौपदी : रवतली. म्हायत आसा माका. देवाचो दोरो तेवढो काढून घेतंय.