चाकणच्या तात्यांनी घेतलेली ब्रेकची परीक्षा

खोटं वाटेल तुम्हांला, पण जुन्या मोटारीच्या ब्रेकपायी मी एकदा माझा जीव पणाला लावलाय. सत्तावन्न साल असेल. चिंचवडला दारात माझी गाडी उभी, आणि ती विकत घ्यायला चाकणहून तात्या यायचे होते. अडचण एवढीच, की ब्रेक दाबला की गाडी हट्टानं डावीकडं, शेजाऱ्याच्या कांद्यात शिरायची. म्हणून सकाळीच मी एकेक चाक जॅकवर उचललं, ब्रेकच्या चारही सळ्या सारख्या आवळल्या आणि चाकं हातानं फिरवून खात्री करून घेतली.

तात्या भाच्याला घेऊन आले, ते बैलबाजारात आल्यासारखे. टायर चाचपले, दिव्यांत डोकावले, मग म्हणाले, "समदं ब्येस हाय. पन थांबती का?"

"थांबते का म्हणजे? तुमच्या भाच्याला चालवू द्या. मी समोर उभा राहतो!"

बोलून गेलो, राव. भाच्यानं गाडी अशी सोडली, की मला माझ्या तेराव्याची पंगत दिसली. डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा बंपर धोतराला टेकला होता, आणि गाडी अगदी सरळ उभी!

"बघितलंत?" मी म्हणालो. आवाज जरा बारीकच निघाला.

तात्यांनी मान हलवली. "न्हाई जमायचं. ती तुमाला वळखून थांबली. आपल्या मालकाला कोन तुडवतंय?"

"मग आता तुम्ही उभे राहा!"

"मी?" तात्या झटक्यात मागं सरले. "अवो, मला तर ती वळखतबी न्हाई!"