साहेबांसाठी पिना कोलाडा

सून : ...आणि वर चमचाही वाकवलात, आई.

सासू : मी कुठला वाकवला? तुझ्या त्या डब्यानं वाकवला. हे आइस्क्रीम आहे की घराच्या पायाचा दगड?

सून : आइस्क्रीम नाही, सॉर्बे. पिना कोलाडा नावाचं कॉकटेल असतं ना, अननस, नारळाचं दूध आणि रम, तेच गोठवलंय. साहेब कुठल्याशा समुद्रावरच्या हॉटेलात ते प्यायले, तेव्हापासून ऑफिसात दुसरं बोलणंच नाही.

सासू : आणि ते साहेब आता तासाभरात जेवायला येतील.

सून : तेच तर! मॅनेजरची खुर्ची रिकामी आहे. आज तुमच्या लेकाचं नाव पक्कं व्हायला हवं.

सासू : म्हणजे खुर्ची अननसावर अडलीय.

सून : चेष्टा नका हो करू. सगळं मोजूनमापून घातलंय. रम असली की गोठलं तरी मऊ राहतं, चमचा अलगद जातो. हे असं कसं झालं?

सासू : घालायची विसरली असशील.

सून : चांगली सढळ हातानं घातली! ह्याच्या कपाटातल्या बाटलीतून.

सासू : बघू, जरा खरवडून दे. ...अगं, ह्यात रम कुठाय?

सून : तुम्हाला काय ठाऊक रमची चव?

सासू : तुझे सासरे खोकल्यावर घ्यायचे. मलाही खोकला व्हायचा.

सून : थांबा, बाटलीच हुंगते. ...आई, हा चहा आहे.

सासू : चहा?

सून : कोरा, गार चहा. अरे ए! ऐकलंस का? आधी इकडे ये!

मुलगा : काय झालं? आले साहेब?

सून : तुझ्या बाटलीत चहा आहे.

मुलगा : ...हळू बोल. खिडकी उघडी आहे.

सून : रम कुठे गेली?

मुलगा : बेसिनमध्ये. केव्हाच.

सून : म्हणजे दर शनिवारी गॅलरीत बसून तू...

मुलगा : चहाच. बिनसाखरेचा.

सून : आणि मी माहेरी जाऊन रडले, नवरा पितो म्हणून! माझ्या भावानं तुला समोर बसवून उपदेश केला!

मुलगा : तेव्हा वास त्याच्याच तोंडाला येत होता.

सासू : अरे, पण सोडलीस तर चांगलंच की. त्यात लपवायचं काय?

मुलगा : सोडायला धरली कुठे होती? मला चवच आवडत नाही, आई. घशाखाली उतरत नाही. पण साहेबांचं म्हणणं, जो पीत नाही तो काहीतरी लपवतो. आमच्या हिशेबनीसानं पार्टीत लिंबू सरबत मागितलं, तर पुढच्याच महिन्यात त्याची गोदामावर बदली झाली.

सून : मला तरी सांगायचंस.

मुलगा : तू भावाला सांगितलं असतंस. तो साहेबांच्या बैठकीतला. शिवाय हातात ग्लास असला की मला घरात कुणी भाजी निवडायला बसवत नाही.

सासू : हे मात्र बापावर गेलंय.

सून : आता काय करू? खरी बाटली आणतोस?

मुलगा : पुन्हा गोठायला वेळ कुठाय? सुरीनं फोड, काट्यानं खरवडून भुगा कर. उंच ग्लासात भर, वर अननसाची चकती लाव.

सून : आणि रम?

मुलगा : साहेबांना म्हण, कडक झालीय, जपून खा.

(दुपार कलली आहे. साहेब आणि त्यांच्या पत्नी नुकतेच गेले आहेत.)

सासू : तीन ग्लास संपवले रे! तिसऱ्यानंतर माझा हात धरून म्हणाले, तुम्ही मला आईसारख्या. डोळ्यांत पाणी!

सून : त्याआधी दुसरं काही घेतलं होतं का त्यांनी?

मुलगा : थेंब नाही. म्हणाले, आज काय ते गोडातूनच.

सून : त्यांच्या बाईंनी गाडीची किल्ली काढून घेतली हातातून. जिन्यातसुद्धा झोकांड्या खात होते.

सासू : अननस चढला.

सून : जाताना तुला काय म्हणाले?

मुलगा : म्हणाले, एवढं कडक खाऊन तू सरळ उभा आहेस. असा पचवणारा माणूसच मला त्या खुर्चीत हवा. सोमवारी जाहीर करतायत.

सासू : घ्या! चहावर मॅनेजर झाला माझा लेक.

सून : अरे, मग हसत का नाहीस?

मुलगा : हसतोय की.

सून : हे हसणं नाही. आता त्यांच्याबरोबर रोजच बसावं लागणार, हो ना?

मुलगा : दौऱ्यावर तर एकाच टेबलाशी. ओतणारही तेच.

सून : तुला ती खुर्ची हवीय का पण?

सासू : हवीय का म्हणजे? नको कुणाला असते?

सून : आई, त्याला बोलू द्या.

मुलगा : हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

सून : मी विचारतेय.

मुलगा : मग बस जरा. सांगतो.